पुढची डिस्क, मागची डिस्क

दोनदासाहेबांच्या ब्लॉगवर 'माझ्याविषयी' नावाचं एक पान होतं. अकरा वर्षांत त्यांनी ते एकदाही बदललं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं: 'टंकलेखक म्हणून चिकटलो. डेटा एंट्रीवर गेलो, तिथून मशीनरूममध्ये. आता सर्व्हर आणि बॅकअप सांभाळतो. छंद: बंद पडलेली घड्याळं उघडणं (चालू होतीलच असं नाही), पायी भटकणं. ब्लॉग का लिहितो? कारण मला कुणी शिकवलं नाही.'

दोनदा हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर पडून होतं, तिथून त्याला कुणी उठवत नसे. कुणी कीबोर्डला हात लावला की मागून यांचा आवाज यायचा, "एंटर मारण्याआधी दोनदा बघ." कुणी काही पुसायला निघालं की, "कॉपी दोनदा घेतलीस ना?" घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून बघायचे, छत्र्याही दोन बाळगायचे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. हे गृहस्थ पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

तोंड पोळलं होतं हे मात्र खरं. मशीनरूममधले त्यांचे पहिले साहेब म्हणजे एक वल्ली. काहीही विचारा, गालात हसून म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यावरून त्यांचं नाव सव्वालाख पडलं होतं. सव्वालाखांना मशीनचं सगळं येत होतं आणि त्यातलं एक अक्षर ते दुसऱ्याला देत नसत. कमांड टाइप करताना डाव्या हाताने स्क्रीन झाकून घ्यायचे. त्या खोलीत दारापाशी एक मशीन आणि तिच्या मागे भिंतीला टेकून दुसरी. सव्वालाखांनी दोन्हींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या: 'पुढची' आणि 'मागची'. पुढचीवर दिवसभराचं काम चालायचं, संध्याकाळी मागचीवर तिची कॉपी व्हायची.

एके दिवशी सव्वालाख रजेवर होते आणि संध्याकाळची कॉपी करायची पाळी या टंकलेखकाची आली. त्याने अंदाजाने कमांड दिली. तीन महिन्यांचं काम पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी सव्वालाखांनी सगळ्या ऑफिससमोर त्याची हजेरी घेतली आणि शेवटी म्हणाले, "विचारायचं होतं!" ज्यांना विचारायची सोय नव्हती, तेच हे म्हणत होते. त्या दिवशी त्याने ठरवलं, आपल्याला जे जे येईल ते लिहून ठेवायचं, आणि कुणाही येड्यागबाळ्याला कळेल असं आपल्या भाषेत लिहायचं.

आधी वह्या झाल्या, मग ब्लॉग. नाव ठेवलं 'पुढच्यास ठेच'. मागचा शहाणा होतो हे ज्याचं त्याने ओळखायचं. प्रत्येक लेखाची सुरुवात ठरलेली: 'आज लागलेली ठेच'. मग ती का लागली, आणि तुम्हाला लागू नये म्हणून काय करायचं, ते एक-दोन-तीन करून. प्रिंटर रुसला तर काय, पासवर्ड विसरला तर काय, सगळं. लोक वाचू लागले. कुणी लिहायचं, 'साहेब, तुमच्यामुळे नोकरी वाचली.' दोनदासाहेब ते दोनदा वाचायचे आणि बायकोला एकदा वाचून दाखवायचे.

पण माणसाचा गुण कधी त्याचा अवगुण होतो ते त्याला स्वतःला कळत नाही. हळूहळू दोनदासाहेब तोंडी काही सांगेनासे झाले. कुणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "लिहून ठेवलंय, वाच." यात त्यांना मोठा उदारपणा वाटायचा. सव्वालाखांची मूठ झाकलेली होती, आपली तर सताड उघडी आहे. ज्याला हवं त्याने घ्यावं. स्वतःची मान वर करून समोरच्याकडे बघायची गरज आता उरली नाही, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यांची मोठी बहीण ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचा नवरा, म्हणजे भावोजी, बसस्थानकावर तीस वर्षं घोषणा करायचे. काय तो आवाज! भरल्या गर्दीत भोंग्यातून "सुटतेय, सुटतेय, बसून घ्या" असं आलं की चुकीच्या गाडीचे लोकसुद्धा पळत सुटायचे. घरीही तसंच. दोनदासाहेब दारात दिसले रे दिसले की आतून घोषणा व्हायची, "फलाट क्रमांक एकवर मेहुणे येत आहेत, ताटं मांडून घ्या!" आणि निघायला लागले की, "मेहुणे, जेवल्याशिवाय जायचं नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी लग्न झाल्यापासून एकदाही चुकवलं नव्हतं.

त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. हातात तीन आठवडे होते.

दोनदासाहेबांनीच शोधून काढलं की माणसाचा आवाज आधी रेकॉर्ड करून दिला तर त्यावरून एक कंपनी बोलणारं यंत्र तयार करून देते. आपण टाइप करायचं, ते आपल्या आवाजात बोलणार. कंपनीने सातशे वाक्यांची यादी पाठवली. भावोजी कपाटात शिरले, भोवती गोधड्या लटकवल्या आणि तीन आठवडे रोज तिथे बसून वाक्यं वाचून एका डिस्कवर साठवली. यादी बेचव होती: 'आज हवा बरी आहे', 'कृपया दार लावा'. म्हणून त्यांनी आपली चारशे घातली. ताईला हाक मारायची सतरा तऱ्हांनी. "चहा गार झालाय, माझ्यासारखा." "गाडी फलाटाला लागलेली आहे." ताई बाहेर कान देऊन उभी राहायची आणि कधी हसायची, कधी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून जायची.

ऑपरेशन झालं. भावोजी वाचले. गळ्याला भोक, हातात छोटी पाटी आणि खडू. अंगात ताकद यायला दोन महिने गेले. मग कंपनीचं पत्र आलं, वाक्यं पाठवा. दोनदासाहेब एक कोरी डिस्क घेऊन ताईकडे गेले आणि म्हणाले, "ताई, पाठवायच्या आधी यावर एक कॉपी करून ठेव. एकुलती एक गोष्ट कधी ठेवू नये." घाईत होते, डिस्क देऊन निघाले. भावोजींनी पाटीवर 'जेवल्याशिवाय' एवढंच लिहिलं होतं, तोवर हे जिना उतरले होते.

चार दिवसांनी, शनिवारी सकाळी, ताईचा फोन आला. दोनदासाहेब मीटिंगमध्ये होते. फोन घेऊन कुजबुजले, "काय गं?"

"अरे धाकट्या, ती कॉपी कशी करायची? दोन मिनिटं सांगतोस का?"

"लिहून ठेवलंय ताई. लिंक पाठवतो, वाच. अगदी एक-दोन-तीन आहे."

"बरं बरं. तू लिहिलंयस म्हणजे मग काय, दगडावरची रेघ."

त्यांनी लिंक पाठवली. लेख क्रमांक सतरा, सगळ्यात जास्त वाचला गेलेला. मीटिंगमध्ये पुढचा पाऊण तास पार्किंगच्या जागेवर वाद चालला होता.

दुपारी पुन्हा फोन. "धाकट्या, झालं बघ. दोन सेकंदांत झालं! पण आता एकही फाइल दिसत नाहीये. जुनीवरही नाही, नवीवरही नाही. कुठं बघायचं असतं?"

अकराशे वाक्यं दोन सेकंदांत कॉपी होत नाहीत. दोन सेकंदांत फक्त पुसली जातात.

"ताई, कशाला हात लावू नको. बटण दाबून बंद कर. मी येतोय."

ते पोचले तेव्हा ताई खुर्चीत ताठ बसली होती आणि भावोजी तिच्या मागे उभे होते. त्यांनी हात वर करून फलाट क्रमांक एक असं बोट दाखवलं आणि हसले. दोनदासाहेबांना ते हसू बघवेना. ते सरळ टेबलापाशी गेले.

त्यानंतरचे चार तास त्यांनी आपली तीस वर्षांची विद्या पणाला लावली. पुसलेलं परत आणायची जेवढी साधनं होती तेवढी चालवली. जुन्या प्रकारच्या डिस्कवर पुसलेलं बरेच दिवस तळाशी पडून राहतं, खरवडलं तर निघतं. वाक्यांची ही डिस्क मात्र नव्या प्रकारची होती. ती पुसलेलं स्वतःच खरवडून टाकते, आणि त्यालाच तिचा वेग म्हणतात. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की यातून काही निघत नाही. लेख आहे तुमचा." कंपनीला फोन केला. शनिवार असूनही एका बाईने उचलला आणि फार मायेने बोलली. दुसरीकडे कुठे आवाज आहे का? निदान अर्धा तास, स्वच्छ, मागे गलका नको. बसस्थानकावरच्या घोषणा कुणी कधी साठवल्या नव्हत्या. लग्नाच्या एका व्हिडिओत भावोजींचं "वाढा, वाढा" ऐकू यायचं, पण बँडच्या आडून. फोनवर आवाजी निरोप पाठवणं त्यांना कधी पटलं नाही. ते म्हणायचे, माणूस ऐकत नसताना काय बोलायचं. शेवटी बाई म्हणाली, "मला वाईट वाटतं."

आभाळच फाटलं, तिथे ठिगळ कुठे लावणार.

एक गोष्ट मात्र सापडली. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमने प्रत्येक वाक्याची नोंद वेगळी, कॉम्प्युटरमध्येच ठेवली होती. अकराशे नावं, क्रमांकासकट, एकही कमी नाही. 'आज हवा बरी आहे.' 'चहा गार झालाय, माझ्यासारखा.' दोनदासाहेबांनी एकावर क्लिक केलं. काही वाजलं नाही. दुसऱ्यावर केलं. मग उगीचच, काही होणार नाही हे पक्कं माहीत असताना, ते एकामागून एक क्लिक करत बसले.

"मीच काहीतरी उलटं केलं," ताई मागून म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "तू लिहिलंस तसंच केलं रे मी, एकेक ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारत. कॉम्प्युटरनं विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. परत विचारलं. मला तुझीच आठवण झाली, दोनदा विचारतंय म्हणून. परत हो म्हटलं."

"कशावरून कशावर केलीस?"

तिने कागद पुढे केला. शेजारच्या दुकानातून तिने लेख छापून आणला होता, चष्म्याला त्रास नको म्हणून मोठ्या अक्षरात. दोनदासाहेबांनी आपला लेख अकरा वर्षांनी पहिल्यांदा वाचला. 'हा प्रोग्रॅम दोन डिस्क तंतोतंत सारख्या करतो. पहिलीवर जे नाही, ते दुसरीवरूनही काढून टाकतो. म्हणून नीट बघा, दोनदा बघा. "कुठून" या चौकटीत पुढची डिस्क निवडा. "कुठे" या चौकटीत मागची डिस्क निवडा.' त्या दोन वाक्यांखाली ताईची पेन्सिलीची सरळ रेघ होती.

"मग पुढची कुठली निवडलीस?" त्यांनी विचारलं, पण उत्तर कळलं होतं.

"पुढची म्हणजे पुढची. तू आणलीस ती, नवी. आणि मागची म्हणजे आधीची, आपली जुनी. मागचं वर्ष, पुढचं वर्ष म्हणतो तसं. बरोबर ना?"

बरोबर होतं. मराठी बोलणारा कुणीही तेच म्हणाला असता. पुढची म्हणजे दारापाशी ठेवलेली, रोजच्या कामाची, हे फक्त एका खोलीत खरं होतं; ती खोली पाडून तिथे आता उपाहारगृह झालं होतं. लिहिताना दोनदासाहेबांच्या डोळ्यांसमोर सव्वालाखांच्या कागदी पट्ट्या होत्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या नसतील, हे दोनदा बघायला सांगणाऱ्या माणसाने एकदाही बघितलं नव्हतं. ताईने कोऱ्या डिस्कवरून भरलेल्या डिस्कवर कोरेपण उतरवलं होतं, अगदी त्यांनी सांगितलं तसं, एक-दोन-तीन.

वर तिने फोनही केला होता. दोन मिनिटं मागितली होती.

"ताई, तू उलटं नाही केलंस," ते म्हणाले. "मी उलटं लिहिलं."

"काहीतरीच काय?"

"खरंच. पुढची म्हणजे मला जुनी म्हणायची होती. मी चूक लिहिलंय."

"तू चूक लिहिणार नाहीस," ताई ठामपणे म्हणाली. "इतके लोक वाचतात. मीच धांदरट. मला बरं वाटावं म्हणून उगीच स्वतःवर घेऊ नको."

"अगं, स्वतःवर घेत नाहीये, माझंच आहे ते!"

"पुरे. लहानपणापासून तू असाच आहेस," ती म्हणाली आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. चूक केली तर केली, पण ती आपली आहे हेही कुणी मान्य करेना. दोनदासाहेबांना रडायलाही वाट मिळेना.

भावोजींनी कागद ओढून घेतला. वाचला. 'पुढची' वर बोट ठेवलं, 'मागची' वर ठेवलं, मेहुण्याकडे बघितलं. तीस वर्षं फलाटांवरून माणसं चढवलेला माणूस, त्याला लगेच उमगलं. पुढच्या गाडीला जा म्हटलं की निम्मे लोक पुढे उभ्या असलेल्या गाडीत चढतात आणि निम्मे नंतरच्या गाडीची वाट बघत बसतात. त्यांचे खांदे हलू लागले. दोनदासाहेब दचकले, आणि मग त्यांना कळलं की भावोजी हसताहेत. गळ्याच्या भोकातून नुसती हवा ये-जा करत होती. हसता हसता ते थांबले, आणि थांबले ते थांबलेच. डोळे भरले. त्यांनी खडू उचलला, पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाटी पालथी ठेवली.

दोनदासाहेबांनी खिशातून फोन काढला आणि तिथे बसल्या बसल्या लेख उघडला. 'पुढची' खोडून 'भरलेली' लिहिलं, 'मागची' खोडून 'कोरी'. दोन शब्द. अर्धं मिनिटही लागलं नाही. खाली वाचकांचा आकडा होता, एकेचाळीस हजार. त्यातल्या कितींनी पुढचीचा अर्थ ताईसारखा घेतला असेल, आणि मीच धांदरट म्हणून गप्प बसले असतील? लेखाच्या नकला आणखी दहा जणांच्या साइटवर होत्या, दोनदासाहेबांच्या नावासकट, आभारासकट. तिथे त्यांचा हात पोचत नव्हता. त्यांनी नवा लेख उघडला. 'आज लागलेली ठेच' एवढं आपोआप टाइप झालं. पुढे काय लिहायचं? ठेच कुणाला लागली? त्यांनी फोन बंद करून ठेवला.

उन्हं कलली होती. बसून काही होणार नव्हतं आणि उठायचं कोणत्या तोंडाने ते कळत नव्हतं. त्या अकराशे वाक्यांची यादी तरी भावोजींपाशी राहावी म्हणून त्यांनी ती छापून दिली. मग दोन्ही डिस्क पिशवीत घातल्या, उद्या आणखी एकाला दाखवू म्हणाले. ते खोटं होतं आणि ते दोघांनाही कळत होतं.

"निघतो, भावोजी."

भावोजींनी हाताने थांब म्हटलं. पाटी शोधली नाही. यादीचे कागद उलटत गेले, एकेका ओळीवरून बोट सरकवत, भराभर, कुठली ओळ कुठे आहे हे पाठ असल्यासारखे. एका जागी बोट थांबलं. त्यांनी कागद मेहुण्याच्या नाकासमोर धरला आणि हनुवटीने खूण केली: वाच.

"वाचलं," दोनदासाहेब म्हणाले.

भावोजींनी नाही अशी मान हलवली. बोट ओळीवर आपटलं, मग स्वतःच्या ओठांवर ठेवलं, मग दोनदासाहेबांच्या. मोठ्याने.

नऊशे बारावं वाक्य होतं. पंचवीस वर्षं ते कानांनी ऐकलेलं. त्यात कुठे चढायचं, कुठे ओढायचं, कुठल्या अक्षरावर हसायचं हे जिभेला न सांगता माहीत होतं. दोनदासाहेबांनी तोंड उघडलं आणि ते आपोआप तसंच बाहेर पडलं, भोंग्यातून यावं तसं, खणखणीत:

"मेहुणे, जेवल्याशिवाय जायचं नाही!"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. ताई हातातला डाव तसाच घेऊन धावत दारात आली. तिने आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिली. मग तिची नजर भावाकडे वळली, त्याच्या हातातल्या कागदाकडे गेली, आणि ती हळूच म्हणाली, "तू होय."

मग तिने तीन पानं घेतली.